बरा होत चाललेला हात

मुलीने पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर उपडा ठेवला.

"आधी ऐका, मग बघा," ती म्हणाली. "हा माझ्या बाबांचा हात आहे. परवा संध्याकाळी आलेला. बाबांना जाऊन दोन महिने झाले."

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. घारबाईंनी कागद सुलटा केला.

घारबाईंचे डोळे घारे होते आणि नजर झडप घालणारी, म्हणून लोकांनी त्यांना हे नाव दिलं होतं. लोकांच्या घरातल्या, पोलिसांकडे न नेता येणाऱ्या गोष्टींचा छडा लावणं हा त्यांचा धंदा. नाना त्यांचे शेजारी. निवृत्त झाल्यापासून सोबत येत. मदत थोडी, धास्ती फार.

कागदावर काळोख होता आणि त्या काळोखातून काचेला टेकलेला एक तळहात पुढे आलेला होता. लांब, निमुळती बोटं. अनामिकेत अंगठी.

"बाबा घड्याळजी होते," मुलगी म्हणाली. "घरीच काम करायचे. टेबलावर कॉम्प्युटर आणि स्कॅनर आहे. जुन्या घड्याळांच्या तबकड्या त्यात उतरवून ठेवायचे. ते गेल्यावर त्यांचे कागद स्कॅन करायला मी बसले. त्या प्रोग्रॅमच्या सतराशे साठ कटकटी. कधी त्याला मशीनच सापडत नाही, कधी पान आडवं येतं. मधेच एक चौकट येते, ती मी न वाचताच बंद करते. पहिल्या दिवशी तर काही जतनच होईना. ठेवायची जागा सापडत नाही, म्हणे. शेवटी मी नवा फोल्डर करून दिला. त्यात भर म्हणजे त्याच दिवशी एका कागदाची टाचणी काचेवर घासली. तेव्हापासून प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ येते."

"आणि हात?"

"त्याच संध्याकाळी पहिला आला. आई एकटीच बसली होती. रोज दिवेलागणीला ती तो प्रोग्रॅम उघडते. उघडला की स्कॅनरचा दिवा लागतो ना, बाबा बसलेले असताना लागायचा तसा. तेवढ्यासाठीच. त्या दिवशी नव्या फोल्डरात हात आला. सुजलेला, नखं निळी, अंगठी नाही. शेवटी होता तसाच."

"मग?"

मुलीने कागद आपल्याकडे ओढला.

"मग तो बरा व्हायला लागला. रोज एक. सूज उतरली, नखांना रंग आला. एक दिवस बोटात अंगठी आली. आई म्हणते, ते तिकडे बरे होतायत. पूर्ण बरे झाले की येतील. तिचा मोतीबिंदू अति पिकलाय. डॉक्टर म्हणतात, आता थांबलात तर डोळा कायमचा जाईल. पण ती घर सोडून हलत नाही. म्हणते, मी दवाखान्यात असले आणि ते आले तर?"

"वडिलांना काय झालं होतं?"

"हृदय. डॉक्टरांनी औषध बदलून महिन्याने बोलावलं होतं. तो महिना भरलाच नाही."

नाना पुटपुटले, "बाई, हे आपल्या हद्दीतलं नाही."

"नाना, चपला घाला."

*

घरात अनेक घड्याळं होती आणि एकही चालू नव्हतं. चावी देणारा उरला नव्हता. त्यामुळे खोलीत शिरल्यावर कान आपोआप काहीतरी शोधत राहत.

थोरला मुलगा दारातच भेटला. त्याला बहीण दादा म्हणे, म्हणून सगळेच दादा म्हणत.

"म्हणजे संशय माझ्यावर," तो म्हणाला. "आईला माझ्याकडे न्यायचंय ना मला! अहो, ती इथून हलू नये म्हणून हे चाललंय. माझं काम सोपं होतंय की अवघड?"

"अवघड," घारबाई म्हणाल्या. त्या वाकून कॉम्प्युटरची मागची बाजू बघत होत्या. "इथे काही लावलेलं असायचं का?"

"बाबांचा पेनड्राइव्ह. मी नेला, ऑफिसात हवा होता. बाबा ठणठणीत होते तेव्हाची गोष्ट. त्यात काही नव्हतं, तबकड्याच होत्या. का?"

"विचारून नेला?"

"बाबांच्या वस्तूला काय विचारायचं?"

वरच्या खोलीत फोटो स्टुडिओत काम करणारा भाडेकरू राहत होता. सुरकुत्या पुसणं, डाग घालवणं, मेलेल्यांचे फोटो उजळणं, हे त्याचं पोट भरायचं साधन.

"सुजलेला हात बरा करून दाखवाल?" घारबाईंनी सरळ विचारलं.

"अर्ध्या तासात," तो हसला. मग त्याचं हसू गेलं. "पण मूळ हात हवा ना बाई. काकांच्या हाताचा फोटो मी कधी काढला नाही. आणि काकूंना फसवून मला काय मिळणार? भाडं वाढेल फार तर."

"काका त्या मशीनवर काय करायचे, कधी पाहिलंत?"

"पाहिलं असं नाही. जिन्यावरून त्यांची खिडकी दिसते. शेवटचे तीन आठवडे रोज संध्याकाळी छतावर उजेडाचा पट्टा सरकायचा. झाकण उघडं ठेवून मशीन चालवायचे. मी एकदा विचारलं, काका, तबकड्या संपत नाहीत का? म्हणाले, नोंद ठेवतोय."

"कसली?"

"ते नाही बोलले. झाकण मिटलं आणि चहा विचारला."

आई खालच्या खोलीत स्कॅनरसमोर बसली होती. पडद्याला नाक टेकेल इतकी जवळ.

"तुम्ही त्यांना घालवायला आलात," ती म्हणाली.

"नाही वहिनी. बघायला आले. ते येतात कसे, तेवढं सांगा."

"मी उघडते. दिवा लागतो. मग एक चौकट येते, मला आता वाचता येत नाही. ते मोठं बटण दाबायचे, तसं मी दाबते. की येतात."

"एका वेळी एकच?"

"एकच. रोज थोडं थोडं बरं वाटतं माणसाला. एकदम कसं वाटेल?"

तिने खणातून डबी काढली. आत एक अंगठी होती, एका बाजूने कापलेली, तोंड उघडं पडलेली.

"बोट सुजून फसली होती. सोनाराकडून कापून आणली. मला म्हणाले, जाड झालोय ग, तुझ्या हातचं खाऊन. आता बघा." तिने पडद्यावरच्या बोटावर बोट ठेवलं. "तिकडे कुणी सांधून दिली असेल?"

नाना दाराकडे सरकले. "बाई, मी जरा बाहेर..."

"इकडे या नाना. हात द्या."

घारबाईंनी त्यांचा हात काचेवर दाबला आणि बटण दाबलं. खालून उजेड सरकत गेला. नानांनी डोळे मिटून घेतले. पडद्यावर आलेला हात निळसर, थंड, कुणाही मेलेल्या माणसाचा वाटावा असा होता. तळव्याच्या मधोमध एक बारीक उभी रेघ होती.

"हा माझा?" नाना घाबरून म्हणाले.

"तुमचाच. आयुष्यरेषा एक जास्त मिळाली, आनंद माना."

घारबाईंनी नव्या फोल्डरातले सगळे हात एकामागून एक पाहिले. मग प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. चौकट आली. ती त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, बटण न दाबता बाजूला सारली आणि कॉम्प्युटरच्या आतल्या फोल्डरांमध्ये काहीतरी शोधत बसल्या.

"सगळ्यांना बोलवा," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

*

दादा दाराला टेकून उभा राहिला, भाडेकरू त्याच्या मागे. मुलगी आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली.

"ताईंनी काचेवर टाचणी ओढली," घारबाईंनी सुरुवात केली, "त्यानंतर या काचेवर जे जे ठेवलं त्याच्यावर रेघ आहे. ताईंच्या कागदांवर आहे, नानांच्या हातावर आहे. काकांच्या एकाही हातावर नाही. म्हणजे हे हात त्या दिवसानंतर काचेवर ठेवलेलेच नाहीत. ना कुणी माणसाने, ना आणखी कुणी."

"पण तारखा?" मुलगी म्हणाली. "प्रत्येकावर त्या त्या दिवसाची तारीख आहे."

"ती जतन केल्याची तारीख. हात ठेवल्याची नव्हे."

"मग ठेवला कधी?" नानांनी विचारलं.

"अंगठीला विचारा. अंगठी कापली गेली. कापलेलं सोनं सांधता येतं, पण ती तर डबीत उघडीच पडली आहे. मग अख्खी अंगठी घातलेला हात कापण्याआधीचाच असणार. आणि अंगठी नसलेला, कापल्यानंतरचा. वहिनींना आधी आला तो नंतरचा, नंतर आला तो आधीचा. सगळी रांग उलटी आहे."

घारबाईंनी कॉम्प्युटरच्या मागच्या रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं.

"प्रोग्रॅमला पानं पेनड्राइव्हवर ठेवायची सवय लावलेली होती. पेनड्राइव्ह गेला. पानं टाकून न देता तो ती आपल्या पोटात धरून बसला, एकावर एक, थप्पी लावून. काकांना पडद्यावर हात दिसे. सूचना न वाचताच ते समजत, ठेवला गेला. ताईंनी नवा फोल्डर करून दिला, तेव्हा पहिल्यांदा ठेवायला जागा झाली. त्या दिवसापासून प्रोग्रॅम उघडला की चौकट विचारते, राहिलेलं पान परत आणू का? ताई ती बंद करतात. वहिनी मोठं बटण दाबतात, म्हणजे हो म्हणतात. मग थप्पीतलं वरचं पान येतं. वरचं म्हणजे शेवटचं."

"पण बाबा स्वतःचाच हात का..." मुलगी म्हणाली.

"सूज रोज बघणाऱ्याला कळत नाही. महिन्याने डॉक्टरांना दाखवायची होती. नोंद ठेवतोय, म्हणाले होते ना."

दादा भिंतीकडे बघत होता. "मी तो पेनड्राइव्ह नसता नेला तर..."

"तर डॉक्टरांना चित्रं दाखवता आली असती, भेट झाली असती तर. ती झाली नाही. अंगठी कापली तेव्हा तो हात घरात सगळ्यांना दिसला होता, दादा. त्यांनी जाडीची थट्टा केली आणि सगळे हसले. त्यांना तेच हवं होतं."

आई इतका वेळ पडद्याकडेच तोंड करून होती.

"म्हणजे ते बरे होत नव्हते."

"नाही."

"मी उलटं बघत होते."

"तुम्ही नीटच बघत होतात, वहिनी. पानं उलटी येत होती."

मुलीने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. आईने तो बाजूला केला नाही, धरलाही नाही.

"आत अजून एक आहे," घारबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "थप्पीच्या तळाचा. त्यांनी सगळ्यात आधी ठेवलेला. मी उघडला नाही. त्यानंतर काही येणार नाही."

आईचं बोट चाचपडत मोठ्या बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"त्यात सूज नसेल?"

"असलीच तर अगदी थोडी."

"कामाचा हात असेल म्हणजे. तेलाचे डाग असतील नखांत."

"असतील."

"मला आता कसं दिसतं, माहितेय? दुधात बुडवून काढल्यासारखं." तिने बोट उचललं. "हे सगळे असेच बघितले मी. हा एक तरी असा नको."

तिने मुलीकडे मान वळवली.

"त्या डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लाव ग. उद्याची वेळ मिळते का विचार. आणि आईला भीती वाटते म्हणावं, भूल जरा जास्त द्या."

मुलगी फोन घेऊन बाहेर गेली. बाहेरून तिचा आवाज ऐकू आला, उद्याचीच वेळ मागत.

दादा पुढे झाला आणि मशीनपाशी वाकला. "आई, हे बंद करू?"

"कर," ती म्हणाली. "पण नीट बंद कर. नुसती वायर ओढू नकोस."