हिरवी शिडी

आधी तो नटबोल्ट घट्ट कर, मार्सेल. शिडीवरची पेटी हलतेय बघ. आणि डियोन, तू केक बाजूला ठेव आणि टॉर्च नीट धर. उद्या संध्याकाळी परेड बघायला या पेटीत आपली धाकटी कोको बसणार आहे, तुझा फुटबॉल नाही.

"मामा, परेडमधले मणी वेचायला मी पाच मिनिटं खाली उतरलो, तर ती काय पळून जाणारे? आडवी पट्टी आहे की पुढे."

काय म्हणालास? बरं. टॉर्च विझव आणि इथं पायरीवर बस. मार्सेल, तूही ये. शिडी कुठं जात नाही.

मी बघितलेलं नाही हे. लुशनच्या तोंडून ऐकलंय. लुशन माझ्याबरोबर बंदरावर कामाला होता, आणि खोटं बोलायचा ते फक्त पकडलेल्या माशाच्या वजनाबद्दल. बाकी माणूस सरळ. पुढे तो मेम्फिसला गेला, तिथंच लग्न केलं, उशिरा एक मुलगा झाला. ऑगी. तेव्हा असेल चार-पाच वर्षांचा.

लुशनच्या सासूला सत्तर पूर्ण होणार म्हणून सगळ्यांनी क्रूझवर जायचं ठरवलं. बोट सुटणार आपल्याच बंदरातून, रविवारी दुपारी, आणि तो रविवार नेमका मार्डी ग्रासच्या सणाच्या तोंडावरचा. त्याची बायको रनेटा म्हणाली, पहाटे मेम्फिसहून निघू, थेट बोटीवर चढू, त्या गर्दीत पोराला न्यायचंच नाही. लुशन हटून बसला. दोन रात्री गावात राहायचंच.

"माझं सगळं लहानपण शिडीवर गेलंय," तो म्हणाला. "पोराला एकदा तरी वरून परेड बघू दे."

"बघू दे. पण माझ्या लेकराला नखभर काही झालं ना, लुशन, तर तुला बोटीवरून ढकलून देईन. आईच्या वाढदिवसालाच."

बंदराजवळची हॉटेलं तर कधीच भरली होती. मला फोन केला त्याने, पण माझ्याकडे त्या वर्षी तुमच्या आईची अख्खी फौज उतरलेली. शेवटी नेपोलियन अव्हेन्यूला लागून एक अर्धं घर मिळालं भाड्याने. शुक्रवारी दुपारी ही मंडळी पोचली आणि लुशन लगेच शिडी आणायला बाहेर पडला.

आता तुम्हीच सांगा, मार्डी ग्रासच्या शुक्रवारी या गावात शिडी मिळते का? चार दुकानं फिरला, हात हलवत परत आला. ऑगीने तोंड पाडलं. तेव्हा लुशनला घराखाली, त्या विटांच्या खांबांमागे, काहीतरी दिसलं. ओढून काढलं तर शिडी. लाकडी, जुनी, चार पायांची, हिरव्या रंगाची, वर पोरासाठी पेटी ठोकलेली. रंगाचे पोपडे निघालेले, पण पायऱ्या मजबूत.

गावात वाढलेला माणूस हा. दुसऱ्या कुणाच्या शिडीवर आपलं पोर बसवू नये, एवढं कळायला हवं होतं. माझी आई तरी बसवू द्यायची नाही. पण पोराने टाळ्या वाजवल्या, आणि बापाचं काय, विरघळला.

शेजारच्या ओट्यावर क्लोविस नावाचा म्हातारा बसलेला. तो शिडीकडे बघत राहिला.

"ती अजून आहे होय," तो म्हणाला. "इथं राहायचा एक जण, त्याने केली होती लेकीसाठी. परेडच्या दिवशीच रंग देत बसला होता. हात धुवायला सवड नाही, तसाच हिरव्या हातांनी परेडला गेला."

"छान केलीये," लुशन म्हणाला.

"हो. पोराच्या मागे कोण उभं राहणार?"

"मीच. दुसरं कोण?"

"मग उभा राहा. खाली उतरू नकोस."

आता हे तर इथलं शेंबडं पोरही सांगेल. लुशनने मान डोलावली, शिडी खांद्यावर घेतली आणि निघाला.

अंधार पडला तेव्हा रस्त्यामधल्या गवताच्या पट्ट्यावर शिडी लागली होती. ऑगी पेटीत. लुशन मागच्या पायरीवर, दोन्ही हात पोराच्या कुशींना. रनेटा आणि तिची आई घरी गेल्या होत्या, रस्त्यापलीकडे, म्हातारीला बाथरूमला जायचं होतं म्हणून. तेवढ्यात परेड आली. पुढे मशालवाले, मागे बँडपथक, मग पहिला चित्ररथ, दोन मजली, दिव्यांनी लखलखलेला. रथावरून मण्यांच्या माळा उडायला लागल्या. ऑगीच्या गळ्यात इतक्या माळा पडल्या की मान दिसेना. लुशन मला म्हणाला, आल्सिद, त्या दहा मिनिटांत मला वाटलं, आयुष्यात दुसरं काही नको.

मग त्याला पलीकडच्या कडेला रनेटा दिसली. हात हलवत होती. तिची आई खाली बसली होती, पाय धरून. पडली होती बहुतेक.

दोन रथांमध्ये जागा होती. रस्ता काय, धावत गेलं तर चार ढांगांचा.

"ऑगी, पट्टी धर. घट्ट. आत्ता आलो."

आणि तो उतरला.

पलीकडे पोचला. म्हातारीचा घोटा मुरगळला होता, बाकी काही नाही. तिला उभं केलं, रनेटाच्या खांद्यावर दिलं. मागे वळला. तोवर पुढचा रथ आला होता. पोलिसाने हात आडवा केला. थांब म्हणाला, चाकाखाली येशील.

"पोरगा कुठाय?" रनेटाने विचारलं.

त्याने रथापलीकडे बोट दाखवलं.

रथ सरकला. पलीकडे शिडी दिसली. ऑगी पेटीत होता. त्याच्या मागे, पायरीवर, कुणीतरी उभं होतं. उंच माणूस. दोन्ही हात पोराच्या कुशींना, अगदी नीट धरलेले. लुशनचा जीव भांड्यात पडला. "तो बघ," तो रनेटाला म्हणाला. "क्लोविसबाबा उभे आहेत त्याच्या मागे."

दुसरा रथ आला. गेला.

माणूस आणखी जवळ झुकला होता.

बँडपथक आलं. ढोल. ट्रोम्बोन. मधून मधून शिडी दिसायची. माणसाने हनुवटी ऑगीच्या डोक्यावर टेकली होती. सगळी गर्दी रथांकडे बघत होती. तो नाही. तो फक्त पोराकडे.

"माझ्या बायकोलाही असाच घोटा…" बाजूला कुणीतरी म्हणालं.

लुशनने वळून बघितलं. क्लोविस होता. काठी घेऊन म्हातारीची विचारपूस करायला आलेला. इथं. या बाजूला.

लुशनने म्हाताऱ्याची बाही धरली.

"बाबा… मग तिकडे कोण आहे?"

क्लोविसने बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली.

"मणी वेचायला उतरला होता तो, शिडी करणारा," क्लोविस म्हणाला. "एकदाच. शिडी कलंडली. लेक चाकाखाली…"

"आणि मग?"

"मग तो जगला नाही फार. आणि आता उतरत नाही."

लुशन धावला. पोलिसाचा हात झिडकारून, ढोलांच्या मधून. कुणीतरी शिवी दिली. तो पोचला.

शिडीवर कुणी नव्हतं. फक्त ऑगी.

पण शिडीचे मागचे दोन पाय जमिनीला टेकले नव्हते. बिजागरी तुटून लोंबत होती. शिडी रस्त्याकडे झुकलेली. तशीच उभी.

"पप्पा," ऑगी म्हणाला, "काका म्हणाले हलू नकोस."

लुशनने पट्टी काढली. पोराला काखेत धरून उचललं. पोर उचललं जाईना. अडकलं कुठं नव्हतं, पट्टी निघाली होती, कपडा मोकळा होता. पुन्हा ओढलं. ऑगी कळवळला. दोन्हीकडून ओढ बसत होती. पलीकडून कुणीतरी धरलं होतं.

रनेटा रस्त्यापलीकडून ओरडत होती.

लुशन थांबला. ओढायचं सोडलं. तो म्हणाला, मी त्या रिकाम्या पायरीकडे बघितलं आणि बोललो.

"मी आलोय. बाप आहे मी त्याचा. माझं चुकलं. आता मी धरतो."

काहीच नाही…

मग पकड सुटायला लागली. एकेक बोट. त्याला ते पोराच्या अंगातून कळत होतं. शेवटचं बोट सुटलं, पोर अंगावर आलं, आणि शिडी रस्त्यात कोसळली.

त्या रात्री कुणी झोपलं नाही. रनेटा नवऱ्याशी बोलली नाही, आणि ऑगीला तिने मांडीवरून खाली ठेवलं नाही. रविवारी बोटीवर चढले. किनारा मागे पडला तेव्हा लुशनला रडू आलं. सुटलो, असं वाटलं त्याला.

बोटीतल्या खोलीत छतातून उघडणारा एक वरचा बिछाना होता, त्याला छोटी शिडी. ऑगीला तिथंच झोपायचं होतं. रनेटा नको म्हणाली. पोर हट्टाला पेटलं, आजीने त्याची बाजू घेतली. लुशनने बिछान्याचा कठडा वर करून अडकवला, आणि शिडीवर उभा राहून पोराला धरलं. पहिली रात्र अख्खी तसाच उभा. दुसऱ्या रात्री समुद्र खवळला होता. तरी उभा होता. पण माणूसच तो. पोराला गाढ झोप लागली, कठडा पक्का होता, पाय भरून आले होते.

तो खाली उतरला.

सकाळी रनेटाच्या आवाजाने जागा झाला. कठडा सुटून खाली लोंबत होता. ऑगी अगदी कडेला होता, अर्धं अंग बिछान्याबाहेर, हवेत. शांत झोपलेला.

लुशनने त्याला खाली घेतलं. पांढरा सदरा होता पोराच्या अंगात. दोन्ही कुशींना, बरगड्यांवर, एकेक पंजा उमटला होता. मोठ्या माणसाचा. हिरवा.

लुशनने बोट लावलं, तर रंग बोटाला आला.