वर गेलेला ओघळ

ओघळ वर गेला होता.

उस्ता बहजतने खरवडायचं पातं खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. पेटीच्या तपकिरी रंगाखालून फौजेचा हिरवा रंग निघाला होता. हिरव्यावर पांढरा आकडा होता, आठ. अरबी आठ म्हणजे छपराची दोन पाखी, टोक वर. त्या टोकापासून पांढऱ्या रंगाचा एक बारीक ओघळ निघून थेट झाकणाकडे चढला होता.

रंग काही वर चढत नाही. दुम्यातमधलं शेंबडं पोरही हे सांगेल, कारण या गावात पोरं चालायच्या आधी लाकूड हाताळतात.

"काय रे, भूत दिसलं का?" समोरून शलबीने विचारलं. शलबी सुतार आणि बहजत पॉलिशवाला, एकाच दुकानात वीस वर्षं. शलबीच्या हातात कागदाच्या शंकूतले तुर्मुसचे दाणे होते आणि तोंड चालू होतं.

"काही नाही," बहजत म्हणाला आणि आकड्यावर फडकं टाकलं. असं त्याने उभ्या आयुष्यात कधी केलं नव्हतं.

पेटी हाज्जा इन्शिराहची. तिचा नवरा फिक्री त्र्याहत्तरच्या लढाईत कालव्यापलीकडे गेला तो परत आला नाही. मागाहून पेटी तेवढी आली. आता पंचवीस वर्षांनी मुलगी निस्माचं लग्न होतं आणि पोरीने एकच हट्ट धरला होता. बाप पाहिला नाही, निदान बापाची पेटी तरी सासरी नेईन. तेव्हा पेटी नवीसारखी करून हवी होती. काम शलबीनेच घेतलं होतं, बहजत दुकानात नसताना. हाज्जाची एक अट होती. आकडाबिकडा काही ठेवायचा नाही, सगळं खरवडून टाकायचं.

"नवऱ्याची खूण कोण पुसतं?" शलबी म्हणाला होता.

 बहजतने पेटी नेहमीसारखी उलटी करून ठेवली होती. तळ आधी, तोंड नंतर, ही त्याची पद्धत. "बहजतकडे खुर्ची आली की आधी तिला शीर्षासन," असं शलबी गिऱ्हाइकांना सांगायचा.

आज पेटी सुलटी केली तेव्हा तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एका बाजूची मूठ तुटली होती, तिथे दोरी बांधली होती, आणि ती गाठ कोळ्यांची होती, जाळं विणताना मारतात ती. आणि झाकणाच्या अस्तरामागे एक फोटो होता. त्यात एक तरुण बाई होती, कडेवर मूल. ती इन्शिराह नव्हती.

दुपारी हाज्जा आली ती मिशब्बिक मिठाईचा पुडा घेऊन. बहजतने चहा मागवला, पण तो कोणीच प्यायला नाही. त्याने फोटो तिच्यापुढे धरला.

"हाज्जा, ही कोण?"

तिचा चेहरा दगडासारखा झाला. "अस्तर काढायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुजलं होतं. ही कोण?"

"मला विचारता?" ती ताडकन म्हणाली. "त्यालाच विचारा, वर जाऊन! मी पोटुशी, दिवस भरलेली. पेटी उघडली तर सदऱ्यांच्या घडीत ही भवानी. आणि बाळाचं चांदीचं कडं. दुसरं घर होतं त्याचं, दुसरं काय? फोटो अस्तरामागे दडवला, पोरीला कळू दिलं नाही. लोकांना कळू दिलं नाही. पण पंचवीस वर्षांत त्याच्या आत्म्यासाठी एकदाही फातिहा म्हटली नाही मी."

शलबीने तुर्मुस चघळणं थांबवलं.

"सदरे त्याच्या मापाचे होते?" बहजतने विचारलं.

"आखूड होते. वाटलं, सरकारी कपडे, देतील तसे."

"फिक्री कामाला काय होता?"

"हे काय विचारणं झालं? सुतार होता. याच गावातला."

"मग सुतार माणूस तुटलेल्या मुठीला दोरी बांधेल? लाकडाची नवी घालणार नाही?"

तिने दोरीकडे पाहिलं. पंचवीस वर्षं ती दोरी तिच्या घरात होती.

"पेटी घरी कोणी आणली?"

"दिराने. मुतवल्लीने. पावतीवर आठ, पेटीवरही आठ. मी स्वतः ताडून पाहिलं."

शलबीने मांडीवर थाप मारली. "मुतवल्ली! मग शोधायचं काय राहिलं? तो तुमच्याशी निका लावायला टपला होता हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. भावाबद्दल तुमचं मन विटावं म्हणून त्यानेच कोणाचा तरी फोटो घुसवला. काय बहजत, लावला की नाही छडा?"

"तुझं आपलं काहीतरीच," बहजत म्हणाला. "त्याला घुसवता आलंच नसतं. कडीला शिशाचं सील होतं. ते तुम्हीच तोडलंत ना, हाज्जा?"

"हो, सांडशीने. सबंध होतं. मुतवल्लीला मी नाही म्हटलं, पण तो असला माणूस नव्हे." ती थांबली. "उस्ता, सीलचं मी तुम्हाला कधी सांगितलं?"

बहजतने हात फडक्याला पुसले. ते पुसायचं काही कारण नव्हतं.

"अरे हो," शलबी हळूच म्हणाला, "तुला कसं ठाऊक? तू तर सैन्यात भाकऱ्या भाजत होतास. वीस वर्षं त्या भट्टीच्या गोष्टी ऐकतोय मी."

"भट्टी कधी पाहिलीच नाही मी," बहजत म्हणाला.

त्याने आकड्यावरचं फडकं ओढून काढलं आणि शलबीच्या हातातला कागदाचा शंकू घेतला.

"हे बघा, हाज्जा. शंकू असा धरला, टोक खाली, तोंड वर, की झाला सात. खरं ना?"

"खरं."

त्याने शंकू उलटा केला. पिवळे दाणे फरशीवर सांडले.

"आता आठ. तोच कागद, तीच टोकं. आता हा ओघळ बघा. रंग खालीच ओघळतो. तो वर गेलाय, म्हणजे आकडा काढला तेव्हा पेटी उलटी होती. काढणाऱ्याने सात काढला होता, हाज्जा. पेटी सुलटी केली तेव्हा त्याचा आठ झाला. ही पेटी सात नंबरची आहे. सात नंबरवाला मातरियाचा कोळी होता. फोटोतली बाई त्याची बायको. सदरे त्याचे, ती गाठ त्याची आणि ते कडं त्याच्या लेकराचं."

हाज्जाने ओघळावर बोट ठेवलं. "आणि फिक्रीची?"

"आठ काढला, त्याचा सात झाला. ती मातरियाला गेली."

"बाकीचे आकडे?" शलबीने विचारलं. "पेट्या उलट्या तर सगळेच उलटे दिसले असते की."

"दिसले ना. दोन, तीन, चार, सहा, नऊ. ते पुसून पुन्हा काढले. एक ही रेघ आणि पाच हा गोळा, ते उलटे केले तरी तेच. सात-आठ मात्र उलटे दिसलेच नाहीत. दोघंही शहाण्यासारखे उभे होते."

"पण पेट्या उलट्या ठेवल्या कोणत्या गाढवाने?"

बहजतने शलबीकडे पाहिलं नाही. "तळाला डांबर लावायचं होतं. तळ आधी, तोंड नंतर."

शलबीचा जबडा खाली आला. 

"फौजेच्या गोदामात होतो मी, मेलेल्यांच्या पेट्या घरी धाडायच्या तिथे," बहजत म्हणाला. "कुंचला माझ्या हातात होता. पेट्या लॉरीत चढवताना हा ओघळ मला दिसला, हाज्जा. तेव्हाच कळलं. तोंड उघडलं असतं तर हवालदाराने आठ दिवस कोठडीत टाकलं असतं. मी गप्प बसलो. म्हटलं, दोन सदरे आणि एक घोंगडी, मेलेल्या माणसाची कुठेही गेली म्हणून काय बिघडतं? आत फोटो असेल हे मनातही आलं नाही. पण फिक्री या गावचा, हे यादीत वाचलं होतं. पंचवीस वर्षं मी तुमच्या गल्लीतून गेलो नाही. ही पेटी दुकानात दिसली तेव्हाही वाटलं, आपल्याला चुकीचं आठवत असेल. आज फडकं टाकलं ते म्हणूनच. ओघळ खरवडून टाकायला एक मिनिट लागलं असतं. तुम्ही सांगितलंच होतं खरवडायला."

"मग का नाही टाकलास?" तिने विचारलं. आता ती त्याला अरे-तुरे करत होती.

"हात धजला नाही."

तिने फोटो उचलला. मग तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहू लागलं.

"पंचवीस वर्षं या बाईला तळतळाट दिले मी. हिचं लेकरू मरो, म्हणाले होते एकदा." तिने ओढणीने तोंड पुसलं. "फिक्री माझा फोटो घेऊन गेला होता. निळ्या झग्यातला. म्हणजे त्या बाईने उघडलं असेल तेव्हा..."

तिने बहजतकडे पाहिलं. 

"माझं आयुष्य तू आठ दिवसांना विकलंस," ती म्हणाली. "आणि तिचंही."

"हो," बहजत म्हणाला.

"नाव काय तिच्या नवऱ्याचं?"

"रजब इल्वानी." पंचवीस वर्षांत तो हे नाव विसरला नव्हता.

हाज्जा उठली. फोटो होता तिथेच पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. "लाखेचं बोटही लावू नकोस. पेटी माझी नाही. उद्या सकाळी मातरियाची गाडी धरायची. पेटी तू उचलायची, हमाल करायचा नाही. त्या बाईच्या दारात उभं राहायचं आणि आत्ता मला सांगितलंस ते सगळं, पहिल्या अक्षरापासून, तिला सांगायचं. मी शेजारी उभी राहून ऐकेन. आणि माझ्या पोरीला तिच्या बापाची पेटी आणून द्यायची."

"आणि ती बाई हयात नसेल तर?" शलबी पुटपुटला.

"तर तिच्या लेकराला सांगेल हा."

मग तिने दोन्ही तळवे वर उघडले आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या नावाने फातिहा म्हणायला सुरुवात केली. शलबीने घाईने हात पुसून वर केले. बहजतनेही केले.

ती मध्येच थांबली.

"तू हात खाली घे," ती म्हणाली. "तू तिथे जाऊन म्हण."

बहजतने हात खाली घेतले.