बोटांखालचा कंदील

"पाय हलवू नकोस गं! टेबल हलतंय!" सुयोग खेकसला.

अपूर्वाचे पाय थांबणार कसे? साडेचार वाजून गेले होते. पाचला भंगारवाल्याचा टेम्पो येणार आणि आजोबांनी जवळजवळ चाळीस वर्षं जपलेला कॉम्प्युटर घेऊन जाणार! दिवाळीच्या साफसफाईत निहारकाकाने फर्मानच काढलं होतं, "जे वापरात नाही, ते घरात नाही!"

म्हणे वापरात नाही! कॉम्प्युटर ठणठणीत होता. वापरता येत नव्हता तो आजोबांना. त्याचा कीबोर्ड पाटीसारखा सपाट, बटणं नुसती वर छापलेली. मधुमेहाने आजोबांची बोटं बधिर झाली होती, त्यामुळे एक बटण कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं ते त्यांना कळायचंच नाही. पूर्वी अशा कीबोर्डवर बसवायला उंच बटणांची चौकट मिळायची. वरचं बटण दाबलं की त्याचा पाय खालच्या छापील चौकोनावर टेकायचा. आजोबांची चौकट केव्हाच तुटली होती. उरला होता एक कोपरा आणि चार बटणं.

तेवढ्यावरून या पोरांनी नवी चौकट बनवली होती! सुट्टीसाठी मुलुंडला आजोबांकडे आलेल्या अपूर्वाने मापं घेतली, खालच्या मजल्यावरच्या सुयोगने लॅपटॉपवर आराखडा काढला, आणि साकीनाक्याला त्याच्या मामाच्या वर्कशॉपमध्ये थ्रीडी प्रिंटरवर ती तयार झाली. पहिली मोठी झाली. दुसरीची बटणं अडकली. तिसरी मात्र काल दुपारी, आजोबा डॉक्टरांकडे गेलेले असताना बसवून पाहिली, तर एकदम झकास! मग कडा घासायला सुयोग ती घरी घेऊन गेला. आणि आज?

"एक A दाबला तर ASSA उमटतंय! वाट लागली यार!" सुयोगने कपाळाला हात लावला.

"तूच नको तिथे घासलंस!"

"मी फक्त कडा घासल्या! शप्पथ!"

"भांडताय काय?" अपूर्वाची नऊ वर्षांची बहीण गार्गी मध्ये पडली. "चौकट काढून नुसत्या बोटाने दाबून बघा ना!"

दाबलं. पुन्हा ASSA! म्हणजे चौकटीचा दोष नव्हताच!

"बघा, कॉम्प्युटरच गेलाय," माळ्यावरचे डबे उतरवत असलेला निहारकाका स्टुलावरूनच म्हणाला. एकदा वाकून बघायचेही कष्ट नकोत! तेवढ्यात सोफ्यावरचा त्याचा फोन वाजला. "आला वाटतं टेम्पो! गार्गी, फोन दे गं. मी हो म्हटल्याशिवाय वॉचमन त्याला गेटमधून आत सोडणार नाही."

गार्गीने फोन सोफ्यावरच राहू दिला आणि त्यावर फतकल मारून बसली. "शोधते हं काका! सापडतच नाहीये!"

फोन तिच्याखाली घुं घुं करत राहिला. अपूर्वा खोलीभर येरझारा घालू लागली. काल चालत होता. आज नाही. मधल्या वेळात झालं काय?

"भोवरा आहेस का गं? बस की एका जागी!" वनमालाआजी म्हणाली.

अपूर्वा बसायला वाकली आणि तशीच थबकली. कीबोर्डमध्ये वरची ट्यूबलाइट लख्ख दिसत होती! काल तर तो पाटीसारखा काळाकुट्ट होता. अशी चकाकी तिने या घरात आणखी कुठेतरी पाहिली होती. टीपॉयवरच्या टीव्हीच्या रिमोटवर! त्याच्यावर घट्ट ताणून बसवलेलं प्लॅस्टिक होतं.

"आजी, काल तू कॉम्प्युटरला काही केलंस?"

"मी कशाला काय करू? धूळ पुसली, नि प्लॅस्टिक घातलं. हेअर ड्रायरने छान ताणून बसवलं. जातोच आहे, तर स्वच्छ तरी जाऊ दे म्हटलं."

"अगं आजी! ताणलेलं प्लॅस्टिक एका जागी दाबलं की शेजारची बटणंही दाबली जातात!"

"अगं बाई! म्हणजे मीच का?" आजी स्वतःच कात्री घेऊन धावली.

टर्र! प्लॅस्टिक निघालं, चौकट बसली. सुयोगने A दाबला. पडद्यावर एकच A!

"सॉरी, सुयोग."

"नुसत्या सॉरीने भागणार नाही. चकल्या लागतील!"

आजोबांना आतल्या खोलीतून आणून खुर्चीत बसवलं. त्यांनी चाचपडत बोटं ठेवली, एक बटण दाबलं, मग शेजारचं.

"कळतंय गं! बटण कुठे संपतं ते कळतंय मला!"

मग ते थांबलेच नाहीत. वही नाही, कागद नाही, प्रोग्रॅमच्या सगळ्या ओळी तोंडपाठ! शेवटचं बटण दाबलं आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या जुन्या टीव्हीच्या पडद्यावर एक केशरी आकाशकंदील लुकलुकू लागला.

"लग्नानंतरच्या आपल्या पहिल्या दिवाळीचा," आजी म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले.

घुं घुं! गार्गीखालचा फोन पुन्हा ओरडला.

"ऊठ, चोरटे!" निहारकाका स्टुलावरून उतरला. त्याने फोन हातात घेतला, कंदिलाकडे पाहिलं आणि लाल बटण दाबलं. "चुकलंच माझं, बाबा. मी साधं चालवूनही बघितलं नाही. शाब्बास रे पोरांनो! तुम्ही होतात म्हणून वाचला."

"माझी बोटं परत दिली यांनी मला," आजोबा म्हणाले. मग आजीकडे वळून हळूच बोलले, "कात्री हातात आहे तोवर त्या रिमोटचंही प्लॅस्टिक काढ गं. तीन वर्षं मी चॅनेल अंदाजाने लावतोय!"

आजीने रिमोट उचलला आणि कात्री चालवली.