एकही बुडबुडा नाही

दुपारी सव्वाबाराला मिस्त्रीने डब्यात साबणाचं पाणी केलं, ब्रश घेतला आणि टेकू नीट लागलेत का हे दोनदा पाहून तो मोटारघराखाली सरपटत गेला. काम साधंच. या फिरत्या घराचा भार चार रबरी फुग्यांतल्या हवेवर असतो. हवा गळत असेल, तर त्या जोडावर साबणाला बुडबुडा येतो.

डोकं मात्र तापलेलं होतं. महिन्यापूर्वी याच शेडमध्ये, याच गाडीखाली त्याचा थोरला भाऊ चिरडून गेला. आणि गाडीचे मालक सांगत सुटले होते, जोड त्यानेच ढिला ठेवला, हवा गळली, गाडी बसली. वहिनीलाही तोंडावर तेच ऐकवून आले. उभ्या जन्मात ज्याने एक नट कच्चा सोडला नाही, त्याच्यावर हा डाग!

"लवकर आटपा," मालक बाहेरून म्हणाले. "तुमच्या भावाने आधीच खूप खोळंबा केलाय."

"मेला ना तो, साहेब. त्याच्या वतीने माफी मागतो."

मिस्त्रीने एकेक जोड साबणाने माखला. प्रत्येकापाशी शंभर आकडे मोजले. मग टेकू काढून भार हवेवर सोडला, चाकाच्या कमानीपाशी खडूने रेघ मारली आणि स्टूल ओढून समोर बसला. तीन वाजले. रेघ केसभरही हलली नव्हती.

"गळती नाही."

"नीट बघा!"

"बघितलं. जोड दादाने आवळले तसेच आहेत. मग हवा गेली कुठे? गाडी खाली घ्यायचं बटण आत आहे. आत कोण होतं?"

"मी होतो. पण बटणाला हात…"

"दादाचा नियम सांगितला होता ना तुम्हाला? टेकू काढून तो बाहेर येणार, पत्र्यावर दोन ठोके देणार, मगच बटण."

मालकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात गाडीखालून आवाज आला.

ठक्.

लोखंडावर पाना आपटावा तसा. एकच. दोघेही दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिले. तो आला नाही. मिस्त्रीने वाकून पाहिलं. खाली ओली फरशी होती, बाकी कोणी नाही.

मालक भिंतीला टेकले होते. "त्या दिवशीही… असाच. एकच वाजला. पाना लागला असेल कुठे. मी घाईत होतो… दुसऱ्याची वाट नाही पाहिली."

"आणि खापर मेलेल्या माणसावर? लाज नाही वाटली?" मिस्त्रीचा आवाज चिरकला. त्याने फोन काढला, स्पीकर लावला. "बोला. माझ्या वहिनीला सांगा. याच शब्दांत."

पलीकडून फोन उचलला गेला. मालकांच्या तोंडून शब्द फुटण्याआधीच वहिनी हळू आवाजात बोलल्या.

"कळलं मला, भाऊजी. दुसऱ्या ठोक्याची वाट पाहिली नाही त्यांनी."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"ह्यांनीच. तुमच्या दादांनी… दारातच उभे होते. आत या म्हटलं, तर नको म्हणाले. तिकडेच निघालेत. साहेबांना तेवढं थांबवून ठेवा म्हणाले."