बुधवारी न वाजणारा रेडिओ

“माझ्या गाडीचा रेडिओ बुधवारी वाजत नाही.”

मी बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. समोर चष्मा लावलेला एक उंच माणूस उभा होता, आणि त्याच्यामागे त्याची निळी, वयस्कर गाडी. चेहरा अगदी गंभीर. बाबांच्या गॅरेजमधलं वायरिंगचं काम मी बघते आणि गिऱ्हाइकांच्या तऱ्हा मला नव्या नाहीत. पण वार पाळणाऱ्या रेडिओबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“आणि बाकीचे दिवस?”

“उत्तम वाजतो. गुरुवारी तर फारच छान.”

आलेलं हसू मी कसंबसं दाबलं. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा, म्हणून मनातल्या मनात मी त्याला ‘चष्मेवाले’ म्हणायला लागले. त्याने मात्र मला पहिल्याच दिवशी तोंडावर ‘मिस्त्रीबाई’ करून टाकलं.

पहिल्या खेपेला, तोही गुरुवारच, अँटेनाच्या बुडाशी गंज सापडला. तो घासून काढला, रेडिओ खणखणीत वाजला. बुधवार उलटला आणि गुरुवारी सकाळी स्वारी पुन्हा दारात. दुसऱ्या खेपेला रेडिओच्या मागे केबलची पिन ढिली वाटली, ती बदलली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

“नवा सेट बसव आणि मोकळी हो,” बाबा म्हणाले. “नाहीतर तो दुसरं गॅरेज गाठेल.”

त्याने दुसरं गॅरेज गाठणं मला चालणार नव्हतं. खरं सांगायचं तर त्यात रेडिओचा वाटा निम्माच होता. मी मीटर लावला की तो शेजारी उकिडवा बसून टॉर्च धरायचा आणि असे काही प्रश्न विचारायचा की मला काम लवकर संपू नये असं वाटायचं. तो मला आवडायला लागला होता.

“बीप वाजला म्हणजे चांगलं ना?” त्या तिसऱ्या गुरुवारी त्याने विचारलं.

“कुठे लावलाय त्यावर आहे. आतली तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असेल तर वाजायला हवा. पण आतली तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांच्यात वाजायला नको. ती दोघं एकमेकांना चिकटली की रेडिओ मुका.”

“बिचारी... जन्मभर एका केबलमध्ये राहायचं आणि शिवायचं नाही.”

“टॉर्च इकडे धरा,” मी म्हणाले. माझे कान तापले होते.

मीटरला काहीच खोट सापडत नव्हती. मी हात टेकून बसले.

“बुधवारी नक्की काय वेगळं असतं? आठवून सांगा.”

“वेगळं असं... रस्ता तोच. वेळ दुपारची.”

“गाडीत कोण असतं?”

त्याने टॉर्च विझवला.

“ते सांगता येणार नाही,” तो म्हणाला. “शब्द दिलाय.”

म्हणजे कुणीतरी होती तर. पाणी कुठे मुरतंय हे कळायला आता मीटरची गरज नव्हती. पण बिघाड शोधायचा म्हणजे शोधायचाच.

“चला, एक चक्कर मारू. चालवा तुम्ही.”

आजवर रेडिओ तपासताना मी कायम ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. आज तो तिथे बसला, गाणं लागलं, आणि मी पलीकडून येऊन त्याच्या शेजारच्या सीटवर बसले. खर्रर्र... गाणं गेलं.

मी उठले. गाणं आलं. बसले, गेलं. असं चार वेळा झालं तेव्हा बाबांनी लांबूनच विचारलं, “सीटवर काटे आहेत का गं?” आणि उत्तराची वाट न बघता चहा प्यायला निघून गेले.

“शेजारी कुणी बसलं की बंद पडतो,” मी म्हणाले. “आणि दर बुधवारी तुमच्या शेजारी कुणीतरी बसतं.”

“हो,” तो म्हणाला.

चार बोल्ट काढून मी सीट उचलली. अँटेना गाडीच्या मागच्या बाजूला, त्यामुळे केबल सीटखालूनच पुढे आलेली. सीटची एक स्प्रिंग तुटली होती. वर वजन आलं की तिचं टोक केबलमध्ये रुतायचं आणि जाळी आतल्या तारेला टेकायची. वजन उठलं की दोघं आपापल्या जागी.

नुसती टेप गुंडाळली असती तरी महिनाभर निभावलं असतं. मग पुन्हा बिघाड, पुन्हा गुरुवार, पुन्हा तो... मोह झाला, नाही कशाला म्हणू? दुसरा विचार त्याहून वाईट होता. कोण कुठली ती, तिने गाणी ऐकावीत म्हणून मी का राबायचं? पण वाईट काम करायला माझे हात तयार होत नाहीत. खराब तुकडा कापला, तारेला तार जोडून कथिलाचा डाग दिला, वर रबरी स्लीव्ह चढवली, मग जाळीला जाळी जोडली. स्प्रिंग वाकवून बांधली आणि केबल दाराच्या कडेने वळवून घेतली. इतका सुबक जोड मी क्वचितच केला असेल.

“आता वजन लागेल,” मी सीट बसवून म्हणाले. “स्टेपनी ठेवा इथे.”

“स्टेपनी कशाला? तुम्ही बसा की.”

“ती जागा माझी नाही.”

बोलायचं होतं त्यापेक्षा जरा जास्तच तिखट बोलून गेले. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“आत्याची आहे,” तो म्हणाला. “एकसष्ट वर्षांची आहे ती. बुधवारी पोहायला शिकते, आणि घरात कुणाला कळू द्यायचं नाही, हसतील म्हणून. पाण्याची भीती वाटते, तेवढ्यासाठी तिला जाताना गाणी हवी असतात. तिला वाटतं, ती बसली की मी मुद्दाम बंद करतो.” मग हळूच म्हणाला, “तिला दिलेला शब्द मोडला मी. तुमचा चेहरा बघवेना.”

माझा जीव असा भांड्यात पडला की आवाज बाबांना चहाच्या टपरीवर ऐकू गेला असेल. मी मुकाट्याने सीटवर बसले. गाणं तसंच चालू राहिलं, स्वच्छ.

“हे बरं, की आधीचं?” त्याने दुकानातल्या सवयीने विचारलं.

“हे.”

त्याने गाडी बाहेर काढली. दोन वळणं, एक चढ, एक खड्ड्यांचा रस्ता. रेडिओने कुठेच दगा दिला नाही. गॅरेजची पाटी पुन्हा दिसायला लागली तशी माझी चुळबुळ सुरू झाली. काम संपलं होतं. आता या माणसाला इथे यायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि ते माझ्याच हातांनी संपवलं होतं.

“चष्मेवाले,” मी म्हणाले. पहिल्यांदाच मोठ्याने. “तुम्ही मला आवडता. तुमची गाडी पुन्हा बिघडेपर्यंत थांबायची माझी तयारी नाही.”

त्याने गाडी कडेला घेतली आणि हात लांब करून रेडिओ बंद केला.

“तीन आठवडे खपून वाजता केलाय मी तो,” मी म्हणाले.

“वाजेल नंतर. आधी ते पुन्हा सांगा... शेवटचं.”

मी पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश. समोरच्या रस्त्याकडे बघत तो तोंडभर हसला.

“बुधवारपासून,” तो म्हणाला, “आत्या मागे बसेल.”