शेवटच्या गाण्यातली पावलं

रविवारी दुपारी मी लोकांना सिनेमा सांगते. म्हणजे गोष्ट सांगत नाही, जे दिसतं ते सांगते. आमच्या थिएटरच्या मागच्या भिंतीला लागून काचेची एक खोली आहे. खोली कसली, कपाटाला खिडकी काढली तर होईल तेवढी जागा. त्यात एक खुर्ची, एक माईक, एक मिणमिणता दिवा आणि मी. पुढच्या रांगांमध्ये ज्यांना दिसत नाही अशी मंडळी कानाला हेडफोन लावून बसतात. संवाद त्यांना ऐकू येतातच, मधल्या फटींत मी बोलते. ‘ती पत्र उशीखाली ठेवते. तो दारात. टोपी भिजलेली.’ हे मी कुठे शिकले नाही. लहानपणापासून बडबड अंगात होती, तिचा कुणाला तरी उपयोग झाला, एवढंच.

गाणं लागलं की मात्र मी गप्प. माईक तेवढा चालूच ठेवते, कारण त्याचं बटण दाबलं की सगळ्यांच्या कानात टक् होतं. हेडफोनवाल्यांपैकी सूरवाले काका एकदा तावातावाने माझ्या काचेपर्यंत आले होते. जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावून दिले म्हणून ते सूरवाले. म्हणाले, “बाई, गाण्याच्या तोंडाशी तुम्ही आमच्या कानात दार आपटता.” तेव्हापासून गाण्यात मी बटणाला हात लावत नाही. श्वाससुद्धा बेताने घेते.

यंदा मॅनेजरबाईंनी एक जुना संगीतपट लावायचं ठरवलं. दर रविवारी एक खेळ, आणि खेळानंतर बाहेर चहा आणि चर्चा: हा चित्रपट आज टिकतो का? टिकला तर पुढेही ठेवायचा, नाहीतर डबा बंद. मी घरी येऊन मावशीला चित्रपटाचं नाव सांगितलं. ती इतका वेळ छताकडे बघत राहिली की मला वाटलं, डोळे उघडे ठेवून झोपली.

त्या चित्रपटात मावशीचे पाय आहेत. दिसत नाहीत, ऐकू येतात. त्या काळी नाच आधी चित्रित करायचे आणि पावलांचा आवाज नंतर स्टुडिओत वेगळा भरायचे. मावशीचं काम तेच. समोर मुका पडदा, पायाखाली कधी फळ्या, कधी दगड, कधी वाळू. नायिकेचे बूट घालून ती पडद्यावरच्या पायांबरोबर नाचायची. चेहरा एकीचा, गळा दुसरीचा, पाय मावशीचे. पाटीवर नाव अर्थातच चेहऱ्याचं.

एक गाणं तेवढं राहिलं. शेवटचं. नायक सोडून गेलाय, हॉटेल बंद पडलंय, आणि नायिका, तिथे टेलिफोनवर काम करणारी पोरगी, रिकाम्या हॉटेलचा मोठा जिना एकटीच नाचत चढते. वर एक दार, दाराखाली उजेडाची रेघ. ते गाणं भरायच्या आठवड्यात मावशी तापाने आडवी झाली आणि निर्माता काही थांबला नाही. त्याने व्हायोलिनं वाढवली, ढोल वाढवला आणि वेळ मारून नेली. त्या गाण्यात पाऊल वाजतच नाही. पुढे सगळ्यांनी लिहिलं, चित्रपट सुंदर आहे, शेवट मात्र का कोण जाणे रंगत नाही.

“का कोण जाणे काय?” मावशी म्हणायची. “पोरगी हवेत नाचतेय. कशी रंगेल?”

आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवलं. तिला मूलबाळ नाही, मला दुसरं कुणी नाही. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिचं कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून ती खिडकीजवळच्या पलंगावर असते. मी कामावर गेले की शेजारच्या वहिनी येऊन बसतात.

“जा तू,” मावशी म्हणाली. “आणि शेवटाला लोक खोकतात का ते ऐक. लोक खोकायला लागले की समजायचं, पडद्यावरचं मेलं.”

पहिल्या रविवारी लोक खोकले. त्याआधी प्रेमाच्या संवादांना हसले, आणि नायकाने नायिकेला थोबाडीत मारली तेव्हा मागून कुणीतरी “ए!” असं ओरडलं. चहाच्या वेळी जुंपली.

“त्या काळी तसंच होतं हो,” एक आजोबा म्हणाले.

“त्या काळीही लागायचंच,” त्यांची बायको म्हणाली. आजोबांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते बुडूनच गेलं.

शेवट पडला यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. सूरवाले काका तेवढे खवळले. “शेवटच तर आहे त्या चित्रपटात! ती पहिल्या पायरीवर बुटाचं टोक घासून बघते आणि मग चढायला लागते. किती साधं केलंय. फक्त जिना पुरता चढत नाही, चारदोन पावलांत आवाज विरतो. तेवढं खटकलं.”

“काका, त्या गाण्यात पावलं नाहीतच,” मी म्हटलं.

“मग आम्ही काय ऐकलं?” काका म्हणाले. हेडफोनवाल्या सगळ्याच माना हलल्या.

बुटाचं टोक घासायची सवय मावशीची. नवी फरशी आली की आधी उजव्या टोकाने हळूच घासून बघायची. घरात पोछा मारल्यावरही तसंच करायची. हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. घरी आल्यावर तिलाही नाही.

पुढच्या रविवारी मी स्वतः हेडफोन लावून बसले. गाणं लागलं. व्हायोलिनं आली, आणि त्यांच्याखाली, अगदी जवळ, टोक घासल्याचा आवाज. मग पावलं. लाकडी जिन्यावर, टाच आणि टोक, टाच आणि टोक. मी हेडफोन काढला. नुसती व्हायोलिनं. पुन्हा लावला. पावलं.

साउंडवाल्याने सगळं तपासलं. चित्रपटाच्या आवाजात काही नव्हतं. “तुमच्या माईकमधून येतंय, ताई. पाय हलवता का बसल्या बसल्या?”

“माझे पाय असे वाजले असते तर मी काचेत बसले असते का?”

तो हसला. त्याच्या पुढच्या खेळाला माझ्या शेजारी स्टूल टाकून बसला. आम्ही दोघांनी पाय वर घेतले, म्हणजे मी खुर्चीवर मांडी घातली आणि तो बिचारा स्टुलावर कोंबडा होऊन बसला. खाली सतरंजी होती. खोलीत आमच्याशिवाय उभं राहायलाही जागा नव्हती. गाणं लागलं. दोघांच्या कानात पावलं अर्ध्या जिन्यापर्यंत चढली आणि विरली.

“वायरिंग असेल,” तो म्हणाला. त्यानंतर काही लागलं तर तो काचेबाहेरूनच विचारायचा.

त्या संध्याकाळी वहिनी दारातच भेटल्या. “अहो, मावशींना आज उठवता उठवेना. दर रविवारी दुपारी अशाच झोपतात. आज तर घामाने केस ओले झाले होते. उठल्या तर धाप लागलेली, जशा काही दळण घेऊन चढल्यात.”

मी आत गेले. मावशीचा चेहरा उतरला होता, पण डोळे लखलखत होते.

“खोकले?”

“डोळेवाले खोकले. हेडफोनवाले नाही.”

ती खुद्कन हसली. मी तिचे पाय पुसत होते, तेव्हा म्हणाली, “चढायला काही नाही गं. परत उतरताना जीव जातो.”

“कुठून उतरताना?”

“झोपेतून,” ती म्हणाली आणि तोंड खिडकीकडे केलं.

मी भाबडी बाई नाही. वायरिंग म्हणता आलं तर मला वायरिंगच म्हणायचं होतं. पण दर खेळाला पावलं वर जात होती, आणि दर खेळानंतर मावशी जास्त उशिराने जागी होत होती. वरच्या दारापर्यंत ती पोचली की काय होईल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला ती हवी होती. पलंगावर का होईना, कुरकुर करत का होईना.

म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी, पावलं अर्ध्या जिन्याच्या वर गेली तेव्हा मी बटण दाबलं.

टक्.

पुढच्या रांगांमधल्या सगळ्या माना एकदम मागे वळल्या. ज्यांना दिसत नाही त्यांनी असं एकदम आपल्याकडे वळून बघावं, हे काही बरं वाटत नाही.

घरी पोचले तर मावशी जागी होती. डोळे उघडे, पण माझ्यावर ठरत नव्हते. मी तिच्या तोंडाशी कान नेला.

“मधेच सोडलंस गं,” ती म्हणाली. “ना वर जाता येत, ना खाली. अंधार आहे इथे.”

आठवडाभर ती तशीच होती. चमच्याने पाजलेलं अर्धं पाणी ओठांतून परत यायचं. डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, वय झालंय म्हणाले. सगळं ठीक चाललंय, फक्त त्या प्रतिसाद देत नाहीत. मी तिचा हात धरून बसले की तिची बोटं माझ्या बोटांवरून काहीतरी चाचपत वर सरकायची. जिन्याचा कठडा धरावा तशी.

आठवड्याच्या मध्यात मॅनेजरबाईंचा फोन आला. शेवटावरून हेडफोनवाले आणि डोळेवाले यांच्यात इतकी हमरीतुमरी झाली होती की त्यांनी यावेळी सगळ्यांसाठीच हेडफोन भाड्याने आणले होते. “एकदाचा निकाल लागू दे. आणि तुम्ही मागच्या वेळी मधेच बंद का केलंत? काका फार चिडलेत.”

“यावेळी नाही करणार,” मी म्हटलं. बोलून गेल्यावर कळलं की मी ठरवलंय.

रविवारी निघताना मी मावशीच्या कपाळाला ओठ लावले. “जा वर,” मी म्हटलं. “मी बंद नाही करणार.” वहिनींना वाटलं मी देवाचं काहीतरी म्हणतेय. त्यांनी हात जोडले.

थिएटर भरलं होतं. थोबाडीत बसली, पुन्हा कुणीतरी ओरडलं. मी माझं काम केलं. ‘हॉटेलचा दरवाजा. पाटी खाली पडलेली. ती एकटी आत येते.’

गाणं लागलं.

व्हायोलिनं आली. पावलं आली नाहीत. पडद्यावर ती पायऱ्यांवर होती, हवेत, नेहमीसारखी. कुणीतरी खोकलं.

मी माईक तोंडाशी ओढला. गाण्यात मी कधी बोलत नाही. तरी बोलले. “ये,” मी म्हटलं.

जिथे मी तिला सोडलं होतं तिथूनच सुरू झाली. टोक घासल्याचा आवाज नाही, काही नाही. थेट मधल्या पायरीवर टाच.

वर.

पडद्यावरच्या पोरीचा पाय पडे आणि आवाज तिथेच, त्याच क्षणी. तिचा चेहरा मी इतक्या वेळा बघितला होता. त्यात दुःख आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

वर.

कुणी खोकलं नाही. कुणी हललं नाही.

शेवटची पायरी. ती थांबली. पावलं थांबली. तिने दार उघडलं, उजेड पडला, आणि चित्रपट संपला.

लोक उभे राहिले. टाळ्या काचेतूनही ऐकू येत होत्या. मॅनेजरबाई डोळे पुसत होत्या. निकाल लागला होता. मी हेडफोन काढला नाही. ती खाली उतरल्याचा आवाज येईल म्हणून मी बसून राहिले. पुढची मंडळी गेली, दिवे लागले, झाडू मारायला बाई आली.

कुणी उतरलं नाही.

फोन वाजला. वहिनी. त्या रडत होत्या, आणि मी डोळे मिटून घेतले.

“लवकर या हो,” त्या म्हणाल्या. “मावशी उभ्या राहिल्यात!”

दार उघडंच होतं. मावशी खिडकीशी उभी होती, कशालाही न धरता. गालांवर रंग होता. वहिनी एकदा हसत होत्या, एकदा पदराने नाक पुसत होत्या.

“खोकले?” मावशीने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “सगळे उभे राहिले.”

“मग झालं तर.” तिने मान हलवली. “चहा टाक. मी येते आत.”

आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआधी एक फरशी सुटी आहे. कितीही बेताने जा, ती खटकन वाजते. मांजर गेलं तरी वाजते. मी गेले, ती वाजली. माझ्या मागून वहिनी आल्या, वाजली.

त्यांच्या मागून मावशी आली. फरशी हलली. वाजली नाही.