पंपाचं झाकण काढल्यावर

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझे अब्बा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते.

सन १९४४. वैशाख. तासगावजवळ नाथाजीचा मळा.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

अब्बांचं नाव चांदसाहेब. सांगलीत इंजिनं दुरुस्त करायचे. त्या दिवशी नाथाजीचं इंजिन तपासायला आले होते. विहीर खोल करायचं काम चाललं होतं. वर इंजिन पाणी उपसत होतं, खाली नाथाजीचा गडी धुळा दगड फोडत होता.

कडेचा एक दगड सुटला.

धुळाचा पाय मांडीपर्यंत त्याच्याखाली गेला.

नाथाजी आणि त्याचा भाऊ पहारी घेऊन खाली उतरले. दगड हलेना. तासभर झटत होते...

आणि इंजिन बंद पडलं.

झरा मोठा होता. बघता बघता दगड पाण्याखाली गेला. पहारीला ठाव लागेना. दोघं भाऊ वर आले आणि त्यांनी मोट जुंपली. तरी पाणी चढतच होतं.

अब्बांनी सगळं तपासलं. तेल होतं, पण सिलिंडरात जात नव्हतं. म्हणजे बिघडला होता तो तेल मारणारा पंप. मुठीएवढा, पण त्याच्यावाचून इंजिन म्हणजे नुसतं लोखंड.

त्यांनी पंपाच्या झाकणाचे दोन स्क्रू सोडले. झाकण काढलं.

आत स्प्रिंगचे दोन तुकडे.

"चांदभाई, पानी छातीला लागलं," धुळाची बायको हरणाबाई काठावरून म्हणाली.

लढाईचे दिवस. नवी स्प्रिंग सांगलीतही मिळाली नसती. अब्बांनी तुकडे काढले, तारेनं बांधले, घातले, हँडल मारलं. तार तुटली. पुन्हा बांधले. पुन्हा तुटली.

"गळ्याला लागलं."

अब्बांनी तिच्याकडे बघितलं नाही. बघवेना.

"चांदभाई... त्याचा आवाज येईना झाला."

अब्बा तिथंच मातीत बसले. स्प्रिंगचे तुकडे तळहातावर. तोंडातून दुवासुद्धा निघेना.

आणि इंजिनाचं चाक फिरलं.

हँडल जमिनीवर पडलेलं. इंजिनापाशी अब्बांशिवाय कुणी नाही.

ठक्...

ठक्... ठक्...

इंजिन चालू झालं.

अब्बांनी उघड्या पंपात बघितलं. आतला दांडा वर जात होता, ते ठीक. त्याला खाली आणते ती स्प्रिंग. ती तर त्यांच्या हातात होती.

तरी दांडा खाली येत होता.

वर... खाली... वर... खाली.

कुणीतरी अंगठ्यानं दाबावा तसा. दांड्यावर तेलाचा ओला थर होता. प्रत्येक वेळी त्या थरावर एक ठसा उमटायचा... आणि पुसला जायचा.

अब्बांना पळून जावंसं वाटलं. पण पळालो आणि इंजिन थांबलं तर? ते बसून राहिले.

पाणी उतरलं. दोघं भाऊ पुन्हा खाली गेले. यावेळी दगड हलला. धुळाला दोरानं वर घेतलं. पायाचा चेंदा झाला होता, पण जीव होता.

त्याचं अंग जमिनीला टेकलं आणि इंजिन थांबलं. पुन्हा चाललं नाही.

हरणाबाईनं त्याला मांडीवर घेतलं. त्यानं डोळे उघडले.

"त्याला काडा," तो म्हणाला.

"कुनाला रं?" नाथाजीनं विचारलं.

"त्यो खाली ऱ्हायलाय. पानी नाकावरनं गेलं, तवा त्यानंच माजं डोस्कं वर धरलं. गार हात हुतं त्याचं."

"खाली कोन न्हाई गड्या. आमी दोगंच उतरलो हुतो. दोगंबी वर हाय."

"हाय म्हनतो ना. काडा त्याला."

नाथाजीनं मळ्यावरची माणसं मोजली. सगळी होती. दोनदा मोजली.

मग विहिरीतून आवाज आला.

ठण्...

पहार दगडावर आपटावी तसा. पाण्याखालून.

ठण्... ठण्...

कुणी जागचं हललं नाही. आत उतरायची कुणाची छाती झाली नाही. पाणी चढत राहिलं. आवाज येत राहिला... हळूहळू, थकल्यासारखा.

ऊन कलल्यावर तो थांबला.

अब्बा इथवरच सांगायचे. शेवटच्या आजारपणात मात्र पुढचं एक वाक्य बोलले.

"तो आवाज थांबला ना... तेव्हा मला बरं वाटलं, बेटा."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.